गोलकीपर देउझिमारचा दाखला

सांता एउलालिया
९ मार्च १९८७

मावशी, आशीर्वाद दे.

पोचलो. नऊ दिवस लागले. त्यातले तीन दिवस ट्रक चिखलात रुतून बसला होता आणि आम्ही उतारू त्याच्याच सावलीत पत्ते खेळत होतो. तू बांधून दिलेली टॅपिओकाची घावनं दुसऱ्या दिवशीच संपली, कारण ड्रायव्हरला वास लागला.

लस विकायला आपल्याकडे येणारे झेफेरिनो आठवतात ना, ज्यांनी मला घाटावर कलिंगडं झेलताना पाहून आपल्या मेहुण्याला पत्र लिहिलं? तो मेहुणा म्हणजे इथल्या क्लबचा अध्यक्ष. त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि होडीतून फेकलेली किती कलिंगडं आजवर माझ्या हातून फुटली ते विचारलं. मी खरं ते सांगितलं: दोन. एक हसू आलं म्हणून आणि एक तू हाक मारलीस म्हणून. त्याने मला ठेवून घेतलं. मैदानाच्या पायऱ्यांखाली खोली आहे, तिथं आम्ही सहा जण राहतो.

पोरं वाईट नाहीत. पण आपलं आक्रे राज्य म्हटलं की त्यांना काय होतं कळत नाही. एकाने विचारलं, तुमच्याकडे कुठले पैसे चालतात. दुसऱ्याने विचारलं, यायला पासपोर्ट लागला का. आमचा सेंटर फॉरवर्ड तर म्हणतो, आक्रे नावाचं राज्यच नाही, नकाशाची कड रिकामी दिसू नये म्हणून सरकारने ते काढलंय.

हे चाललं असतं. पण ऑफिसातल्या ओस्मार कारकुनाने रजिस्टरात माझ्या नावापुढे ‘बोलिव्हिया’ लिहून टाकलं. मी म्हटलं, अहो, बोलिव्हिया नदीच्या पलीकडे, मी अलीकडचा. तो म्हणाला, नद्या हलतात. नियम असा आहे की संघात परदेशी दोनच. आमच्याकडे एक पराग्वेचा आहे, एक उरुग्वेचा. म्हणजे मला जागाच नाही.

तेव्हा माझा जन्माचा दाखला तेवढा लगेच पाठव. बाप्तिस्म्याचा कागद दाखवला, तो चालत नाही म्हणतात.

तुझा,
देउझिमार


पोर्तो आंदिरोबा
२ एप्रिल १९८७

देउझ्या, देव तुझं भलं करो.

पत्र मिळालं. मी ते घाटावर सगळ्यांना वाचून दाखवलं, पासपोर्टाचा भाग दोनदा. लोक फार चिडलेत. त्या कारकुनाला सांग, ज्या जमिनीसाठी तुझ्या आजोबांनी बंदूक उचलली, दोन बोटं घालवली आणि बोलिव्हियाच्या शिपायांना नदीत ढकललं, ती कुठल्या देशात आहे ते त्यांच्या बोटांना विचार म्हणावं. आपण ब्राझीलमध्ये आपोआप जन्मलेलो नाही, भांडून शिरलोय. त्याच्या गावाने असं काही केलंय का?

नदी भरलीय. माझ्या घावनांच्या तव्यावर गिऱ्हाईक बरं आहे. सोबत फरिन्याची गोणी पाठवतेय, तिथलं कसाव्याचं पीठ म्हणजे भुसा असतो असं ऐकलंय. घेवड्यावर घालून खा.

दाखल्याचं एवढं काय घेऊन बसलायस. त्यांना नकाशा दाखव.

तुझी मावशी,
आल्झेनीर


सांता एउलालिया
२६ एप्रिल १९८७

मावशी, आशीर्वाद दे.

फरिन्या पोचली. उरुग्वेवाल्याने कोरडीच तोंडात टाकली आणि त्याची दाढ गेली. आता तो माझ्याशी बोलत नाही. बाकीच्यांनी मात्र गोणी आठवड्यात संपवली आणि आणखी मागतात.

नकाशाचं तू म्हणालीस म्हणून ऑफिसात गेलो. भिंतीवर अख्खा ब्राझील आहे, पण डावीकडे कपाट उभं आहे. मी आणि अबिलिओ मास्तर दोघांनी मिळून कपाट सरकवलं. मागे आक्रेच्या जागी वाळवी. ओस्मार चष्मा लावून वाकला आणि म्हणाला, ‘बघ, मी काय वेगळं म्हणत होतो?’

खेळाचं सांगतो. अबिलिओ मास्तर आमचे कोच. ते म्हणतात, सगळे गोलकीपर जोराचा बॉल मुठीने उडवतात, तू एकटाच तो पोटाशी घेतोस. मी म्हटलं, कलिंगडाला मूठ मारून कसं चालेल? फक्त एक खोड जात नाही. बॉल धरला की मी तो डावीकडच्याला देऊन टाकतो, घाटावर आपली रांग तशी असते ना. परवा डावीकडे समोरच्या संघाचा माणूस होता.

सरावात चौदा दिवस माझ्यावर गोल झालेला नाही. मास्तर मला खेळवायला उतावीळ आहेत. त्यांचा पहिला गोलकीपर चाळिशीला आलाय, खाली वाकला की वर यायला वेळ लागतो. सगळं त्या एका कागदावर अडलंय. मावशी, पाठव ना.

देउझिमार


पोर्तो आंदिरोबा
२० मे १९८७

देउझ्या, देव तुझं भलं करो.

नोंदणीचा कारकून आजारी होता. तो बरा झाला तेव्हा किल्ली हरवली. किल्ली सापडली तर आता रजिस्टराला बुरशी आलीय. शिवाय माझे गुडघे दुखतात.

आणि मला एक सांग, माणूस कुठं जन्मला याला एवढं महत्त्व कशासाठी? गोलकीपरने उभं कुठं राहायचं ते महत्त्वाचं.

जेवत जा.

मावशी


सांता एउलालिया
११ जून १९८७

मावशी,

तुझे गुडघे कधीच दुखत नाहीत. गेल्या वर्षी त्याच गुडघ्यांनी तू डुकरामागे धावत बाजार पार केलास.

मी इथं तीन महिने दुसऱ्यांचे शर्ट धुतोय आणि रविवारी बाकावर बसून त्यांच्यावर गोल होताना बघतोय. अध्यक्ष म्हणाले, वर्षअखेरीपर्यंत कागद आला नाही तर परत जा. तू काहीतरी लपवतेयस. काय असेल ते लिही.

दे.


पोर्तो आंदिरोबा
५ जुलै १९८७

देउझ्या,

बसून वाच.

एप्रिल सहासष्ट. तुझ्या आईला आठवा संपून नववा लागला होता आणि तिच्या डोक्यात प्रेशर कुकर बसला होता. पलीकडे व्हिया रोसाला देमेत्रिओशेठच्या दुकानात कुकर आलेत अशी बातमी होती, आणि आपल्याकडे तो मिळायला तेव्हा वर्षभर वाट बघावी लागे. मी म्हटलं, मी एकटी जाते. ती म्हणाली, तू झाकण बघून घेणार नाहीस. म्हणून दोघी होडीत बसून गेलो.

झाकण बघता बघताच तिला कळा सुरू झाल्या. मी होडीवाल्याकडे पळाले. घाटावर एकही होडीवाला नाही. दोन्ही काठांची फुटबॉलची मॅच होती, सगळे तिकडे. मी मैदानाच्या कडेने ओरडत फिरले, एकाने मागे वळून पाहिलं असेल तर शपथ. शेवटी शेठने दुकानाचं दार लावलं, कापडाचे तागे जमिनीवर अंथरले, आणि सुईणबाई नव्हती म्हणून जे काय करायचं ते मी आणि त्यांनी केलं. तेव्हा ते चोवीस-पंचवीसचे असतील. भीतीने पांढरे पडले होते, पण हात थरथरले नाहीत. नाळ कापडाच्या कात्रीने कापली. तू निळ्या छिटावर जन्मलास.

शेठने त्यांच्याकडच्या कायद्याप्रमाणे नोंद केली आणि महिन्याभराने दाखला माझ्या हातात दिला. तो मी उशीच्या खोळीत शिवून टाकला. कारण घरात तुझे आजोबा. आयुष्यभर ज्यांनी दर सहा ऑगस्टला चौकात उभं राहून बोलिव्हियाला कसं हाकललं ते सांगितलं, त्यांचा पहिला नातू बोलिव्हियात जन्मला हे सांगणार कोण? आम्ही तुला अंधार पडायच्या आत अलीकडे आणलं आणि वाटेत होडीत झाला असं सांगितलं. पाद्रीबाबांनी ‘याच गावात’ असं लिहिलं. इथं तुझी नोंद करायला आपल्या कारकुनाकडे गेलो तर खोटं बोलावं लागेल म्हणून गेलोच नाही. तुझी आई गेली, मग आजोबा गेले, आणि मी त्यांच्या जागी चौकात उभी राहून तेच भाषण देऊ लागले. मग तर सांगायची सोयच उरली नाही.

तेव्हा तुझा तो ओस्मार बरोबर आहे. हे त्याला कळू देऊ नकोस.

रागावलास तर रागाव, पण पत्र लिहीत जा.

मावशी


सांता एउलालिया
२९ जुलै १९८७

मावशी, आशीर्वाद दे.

तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा होडीवाल्यांचा राग आला. तिसऱ्यांदा कुकरपाशी हसू आलं ते आवरेना, आणि पराग्वेवाल्याने घरी सगळं ठीक ना म्हणून विचारलं. मी म्हटलं, ठीक आहे, मी तुमच्यातला निघालो.

मास्तरांनी मला एका वकिलाकडे नेलं. तो म्हणतो, आई ब्राझीलची आणि मी लहानपणापासून ब्राझीलमध्ये राहिलेला, तर मार्ग आहे. मी अर्जावर सही करायची आणि आपल्या गावात न्यायाधीशासमोर जन्माच्या वेळी हजर असलेल्या माणसाने सगळं खरं सांगायचं. उघड न्यायालयात. मूळ दाखल्यासकट.

ते तू करायचं नाहीस. तुला चौकात उभं राहायचं असतं. ज्या बाईने बोलिव्हियाला नदीत ढकलल्याचं इतकी वर्षं सांगितलं, तिने उठून हे सांगायचं आणि लोकांनी तव्यापाशी येऊन हसायचं, हे मला नको. मी डिसेंबरात परत येतो. कलिंगडं कुठं पळून जात नाहीत.

अर्ज पाकिटात आहे तो वकिलाने घातला म्हणून. चूल पेटवायला घे.

देउझिमार


पोर्तो आंदिरोबा
३० ऑगस्ट १९८७

देउझ्या, देव तुझं भलं करो.

चूल पेटवायला माझ्याकडे लाकडं आहेत.

न्यायाधीश महिन्यातून एकदा राजधानीहून येतात, ते चोवीस तारखेला आले. म्हणजे आल्या. तरुण बाई आहे, चिखलाने बूट भरलेले. शाळेच्या वर्गात न्यायालय भरतं. मी लग्नकार्याचं पोलकं घालून गेले. वाटलं होतं, गाय-बैलांच्या भांडणासाठी आलेले पाच-दहा लोक असतील. पण देमेत्रिओशेठना साक्षीला बोलवायला मी पलीकडे गेले होते ते घाटावर सगळ्यांनी पाहिलं होतं. वर्ग भरला, खिडक्या भरल्या. सहा ऑगस्टच्या समितीचे सगळे पुढच्या बाकावर.

मी उभी राहिले आणि बोलले. कुकरपासून सुरुवात केली. मॅचपाशी आले तेव्हा मागे जुने होडीवाले खाली बघायला लागले. निळ्या छिटापर्यंत आले आणि माझा आवाज गेला. देउझ्या, मला चौकात कधी आवाज गेलेला आठवत नाही. मग शेठ उठले. टोपी काढून छातीशी धरली, आणि त्यांच्या त्या मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये म्हणाले, बाईंनी सांगितलं ते सगळं खरं, फक्त एक चूक आहे, माझे हात थरथरत होते.

मी उशीची खोळ तिथंच उसवली. मी तो कागद कधी उघडून पाहिलेला नव्हता. बघायला भीती वाटायची. बाईंनी उलगडला, दोन्ही बाजू पाहिल्या आणि मला विचारलं, ‘नोंदीला साक्षीदार म्हणून फेलिस्मिनो दा मात्ता अशी सही आहे. हे कोण?’

माझे वडील.

मला बाकावर बसवलं. कोणीतरी पाणी दिलं. शेठ म्हणाले, दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा स्वतः होडी वल्हवत आला. लढाईनंतर पहिल्यांदाच त्या काठावर पाय ठेवला असेल. दारात उभा राहून विचारलं, कुठं झाला? मी जागा दाखवली. म्हाताऱ्याने ती पाहिली, तीन बोटांच्या हाताने नोंदीवर सही केली आणि निळं छीट कापून मागितलं. जाताना म्हणाला, ‘पोरींना सांगू नका मला कळलंय म्हणून. त्या घाबरून आहेत तोवर घरात माझं थोडं चालतं.’

ज्यांच्यासाठी मी एकवीस वर्षं लपवलं त्यांनीच सही केलेली होती. घरी येऊन बाबांची पेटी उपसली. खाली, बंदुकीच्या पट्ट्यात गुंडाळलेला, निळ्या छिटाचा तुकडा. मी बाबांच्या नावाने पुष्कळ शिव्या दिल्या. मग रडले. मग तवा लावला, कारण बाहेर गिऱ्हाईक उभं होतं.

कोणी हसलं नाही. उलट समितीतले तिघे वेगवेगळ्या वेळी एकेकटे आले, घावन घेतलं आणि सहज म्हणून विचारलं, तो अर्ज मिळतो कुठं.

निकालाचा कागद सोबत आहे, शिक्का बघ. तू ब्राझीलचा आहेस. आता गोल होऊ देऊ नकोस.

मावशी


सांता एउलालिया
८ ऑगस्ट १९८८

मावशी, आशीर्वाद दे.

पेपरातली कात्रणं पाठवतोय, पण त्यात सगळं नाही म्हणून लिहितो.

मार्चपासून मी खेळतोय हे तुला ठाऊक आहे. आमच्या म्हाताऱ्या गोलकीपरने स्वतःच मास्तरांना सांगितलं, याला घाला, माझ्या पाठीला सुट्टी द्या. आमचा क्लब कधी पहिल्या दहात नसायचा. यंदा आम्ही उपांत्य फेरीत पोचलो आणि समोर इथल्या राजधानीतला मोठा संघ आला. त्यांचं मैदान, साठ हजार माणसं. आपला अख्खा जिल्हा बसवला तरी अर्धं रिकामं राहील.

आमचा एक गोल झाला, कसा झाला ते आम्हालाही नीट कळलं नाही. मग सगळा वेळ मी आणि ते. दोन मिनिटं उरली असताना आमच्या सेंटर फॉरवर्डनेच पाय घातला आणि पेनल्टी. त्यांचा कप्तान बॉल ठेवायला आला. तो जवळून म्हणाला, ‘काय रे आक्रेवाल्या, तुमच्याकडे गोलपोस्ट असतात का, की दोन माकडं उभी करता?’

मी म्हटलं, ‘माकडंच. पण ती हलत नाहीत.’

तो हसला. ते बरं झालं, हसल्यावर त्याचे खांदे सैल पडले. मावशी, होडीवरचा माणूस कलिंगड कुठं फेकणार ते हातावरून कळत नाही, कंबरेवरून कळतं. हात फसवतात, कंबर फसवत नाही. त्याने बघितलं उजवीकडे, पाय उचलला उजवीकडे, कंबर डावीकडे वळली. मी डावीकडे गेलो. बॉल पोटात येऊन बसला. साठ हजार माणसं गप्प झाली. मला एकदम वाटलं, माझं काहीतरी चुकलं.

अंतिम सामना आम्ही हरलो, त्याचं वाईट वाटतं. पण त्या पेनल्टीच्या दुसऱ्या दिवशीच्या पेपरात माझा पानभर फोटो, खाली ‘बोलिव्हियाची भिंत’. ओस्मार माझ्याआधी पेपराच्या ऑफिसात फोन करून भांडला. शिक्क्याचा क्रमांक वाचून दाखवला. मी त्याला म्हटलं, जाऊ दे, ते अगदीच खोटं नाही.

रिओच्या मोठ्या क्लबचा माणूस दोनदा येऊन गेलाय.

देउझिमार


पोर्तो आंदिरोबा
१ सप्टेंबर १९८८

देउझ्या, देव तुझं भलं करो.

आम्हाला पेपराची गरज नव्हती. आपल्या काठावरच्या रेडिओंवर नुसती खरखर येते, पण देमेत्रिओशेठच्या दुकानात मोठा रेडिओ आहे आणि त्याची तार त्यांनी चर्चच्या घंटेपर्यंत नेलीय. तेव्हा सगळं गाव पलीकडे गेलं. होडीवाले आधी सगळ्यांना पोचवून मग स्वतः आले; समितीने त्यांना तशी शपथच घ्यायला लावली होती. पेनल्टीच्या वेळी दोन्ही गावांचे मिळून चारशे लोक कापडाच्या दुकानाबाहेर उभे होते आणि मला आत, शेठनी माझ्यासाठी ठेवलेल्या खुर्चीवर, श्वास घेता येत नव्हता. शेठ वारा घालत होते. शेठ म्हणाले, धरेल. आणि तू धरलास. शेठना पुष्कळ कळतं.

सहा ऑगस्टला मी भाषण दिलं. बाबांनी बोलिव्हियाला नदीत ढकललं इथपर्यंत नेहमीचं. मग म्हटलं, आणि पुढे एका सकाळी ते एकटे होडी घेऊन पलीकडे गेले. तेही सांगितलं. शेठ गर्दीत होते. त्यांना मीच बोलावलं होतं. नंतर घावनं खायला घरी आले. त्यांना जरा जास्त खोबरं लागतं.

रिओला जा. गरम कपडे लागणार नाहीत असं शेठ म्हणतात.

मावशी


रिओ दी जानेरो
१० डिसेंबर १९८९

मावशी, आशीर्वाद दे.

इथं सहा महिने झाले. रस्त्यात लोक थांबवतात, पोरं कागद पुढे करतात. एका म्हातारबाईने बाजारात माझ्याकडे लांबून कलिंगड फेकलं, बघायला. धरलं. आता भाजीवाले मला आडनावाने नाही, ‘आक्रे’ म्हणूनच हाक मारतात, आणि दुसऱ्या क्लबांची माणसं आपल्याकडे पोरं बघायला निघालीत. अबिलिओ मास्तर सांगत होते, तुमच्या घाटावर सध्या तीन संघांचे लोक ठाण मांडून बसलेत म्हणून. त्यांना फरिन्या कोरडी देऊ नकोस.

फेब्रुवारीत मोठी मॅच आहे. तू यायचंस. विमानाचं तिकीट पाठवतो, घाबरायचं काही नाही, ट्रकपेक्षा कमी हलतं.

एक विचारायचं होतं. तुझी शेवटची चार पत्रं पुन्हा वाचली. त्यात माझं नाव नऊ वेळा आहे आणि देमेत्रिओशेठचं सव्वीस वेळा. रेडिओचं मी समजू शकतो. पण मॅच रविवारी असते, आणि तू बुधवारीही पलीकडे असतेस. रेडिओवर बुधवारी काय असतं?

देउझिमार


व्हिया रोसा
६ जानेवारी १९९०

देउझ्या, देव तुझं भलं करो.

बुधवारी बातम्या असतात.

एक नको, दोन तिकिटं पाठव. शेजारशेजारची. विमानात मी खिडकीपाशी बसणार नाही, तिथं हे बसतील, यांना खाली बघायला आवडतं. मैदानावर मात्र शेवटच्या रांगेत जागा बघ, कारण हे टोपी काढत नाहीत आणि मागच्यांशी भांडण नको. मी तवा इकडच्या घाटावर आणलाय, चूल इथली चांगली आहे. अलीकडचे लोक होडीने येतात घावनं खायला.

मॅच बघायची मला सवय नाही, ऐकायची आहे. तेव्हा ते लोक तुझ्या गोलाजवळ आले की मी डोळे मिटून घेईन. तू बॉल धरलास की हे सांगतील, मग उघडेन.

तुझी मावशी,
आल्झेनीर